दोघांपुरती गाडी

बाणेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वापरलेल्या महागड्या गाड्यांची एक शोरूम आहे. काचेच्या भिंती, लख्ख पांढरी फरशी, कोपऱ्यात कॉफीचे यंत्र आणि प्रत्येक गाडीवर वरून सोडलेला स्वतंत्र दिवा, असा तिथला थाट सराफाच्या पेढीसारखा आहे. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी मी तिथे एक बीएमडब्ल्यू झेड-फोर पाहायला गेले होते. गडद निळा रंग, दोन दारे, दोन सीटा, लांबलचक बॉनेट आणि बसायची जागा जवळजवळ मागच्या चाकांवर. मी गाडीभोवती एक फेरी मारली आणि वाकून पुढच्या टायरची झीज पाहू लागले, तेवढ्यात तिथला विक्रेता मुलगा शेजारी येऊन अदबीने म्हणाला, "मॅडम, मुलासाठी बघताय का?" मी म्हणाले, "नाही, माझ्यासाठी." त्याने क्षणभर माझ्या मागे, दाराच्या दिशेने पाहिले. तिथून कोणी ‘सर’ येत असतील अशी त्याची अटकळ असावी. कोणीच येत नाही असे दिसल्यावर त्याचा सूर बदलला आणि मॅडमची काकू झाली. "काकू, खरं सांगू का, ही फार खाली आहे हो. बसता-उतरताना अवघड जातं. माझ्या आईलाही गुडघ्यांचा त्रास आहे, म्हणून सांगतो." एवढे बोलून त्याने पलीकडच्या उंच, पांढऱ्या एसयूव्हीकडे हात केला.

तो उर्मट असता तर विषय तिथेच मिटला असता. उर्मटपणाला उत्तर देण्याची सवय नोकरीत झाली आहे. पण या मुलाच्या बोलण्यात खरीखुरी काळजी होती, आणि काळजीला काय उत्तर द्यायचे हे मला त्या दिवशी सुचले नाही. शिवाय त्याचे म्हणणे खोटेही नव्हते. माझा डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, मांडी घालून बसले तर उठायला आधार लागतो. मी 57 वर्षांची आहे आणि तशीच दिसते. मग त्याच्या त्या वाक्याने मला घरी येईपर्यंत, रात्री जेवताना आणि नंतरही कित्येक दिवस का टोचत राहावे, हे मला नीट उमगेना. गुडघा माझा आणि पैसेही माझे, तरीही आपण कुठल्यातरी अलिखित रांगेत भलत्याच ठिकाणी उभे राहिलो आहोत आणि कोणीतरी अगदी मऊ शब्दांत आपल्याला बाजूला व्हायला सांगितले आहे, अशी काहीशी ती भावना होती.

माझा आणि गाड्यांचा संबंध जुना आहे. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात गिअरबॉक्सचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नोकरीची सारी वर्षे तपासणी विभागात काढली. गिअरच्या दातांवरची रेघ नखाला लागते की नाही यावरून माल पास की रिजेक्ट हे सांगण्यात माझे आयुष्य गेले. त्याही आधी, सांगलीला, वडिलांनी मला प्रीमियर पद्मिनीवर गाडी शिकवली. तिच्या गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली असे आणि पहिला गिअर टाकताना मनगटाला एक विशिष्ट हिसका द्यावा लागे. आमच्या पेठेत एका डॉक्टरांकडे कापडी टपाची स्टँडर्ड हेरल्ड होती. ती मद्रासला बनायची आणि टप असलेली तर फारच थोड्यांच्या नशिबी असायची. डॉक्टर संध्याकाळी टप मागे टाकून कृष्णेच्या घाटाकडे निघाले की आम्ही पोरे तिच्यामागे धावत असू. मोठी माणसे मात्र ओट्यावरून बघत आणि म्हणत, "डॉक्टरांना काही पाचपोच नाही." डॉक्टर तेव्हा जेमतेम चाळिशीचे असतील. पेशंट त्यांच्याकडे रांगा लावून जात, त्यांच्या हाताला गुण आहे असेही सगळे म्हणत. पण त्या टपाच्या गाडीमुळे त्यांच्या शहाणपणाविषयी गावाच्या मनात कायमची एक शंका राहून गेली होती.

शोरूममधल्या मुलाने अखेर दार उघडून दिले. या गाडीत चढायचे नसते, उतरायचे असते. आधी पाठ वळवून बूड टेकायचे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. साडी असती तर तारांबळ उडाली असती, मी सलवार-कमीजमध्ये होते. आत बसल्यावर जग एकदम उंच झाले. शेजारच्या एसयूव्हीचे दाराचे हँडल माझ्या डोळ्यांच्या रेषेत आले, समोर बॉनेटचे दोन उंचवटे लांबपर्यंत पसरले आणि जुन्या चामड्याचा, थोडासा घामट, थोडासा गोडसर वास आला. त्याने बटण दाबल्यावर डोक्यावरचे पत्र्याचे छप्पर दोन तुकड्यांत विभागले, एकमेकांवर निजले आणि वीसेक सेकंदांत मागच्या डिकीत नाहीसे झाले. मग इंजिन सुरू झाले. तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे, एका ओळीतले. सुरुवातीला एकदा जोराने खाकरून ते हळूहळू इतक्या समतोल सुरावर आले की मी नकळत स्टिअरिंगवर तळहात ठेवून कंप मोजू लागले. गिअरबॉक्स दुहेरी क्लचचा होता. त्यात एक, तीन, पाच, सात हे गिअर एका क्लचवर आणि दोन, चार, सहा दुसऱ्यावर असतात, त्यामुळे पुढचा गिअर आधीच जुळून तयार राहतो आणि बदलताना ओढीत खंड पडत नाही. असे गिअर मी नुसते सुटे पाहिले होते. पुरवठादाराच्या मालाच्या पेटीत, तेलाच्या कागदात गुंडाळलेले. ते प्रत्यक्ष पायाखाली फिरताना मला पहिल्यांदाच जाणवत होते.

त्या वेळी गुडघ्याची आठवणही झाली नाही, हे नमूद केले पाहिजे. ती उतरताना झाली.

घरी विषय काढला तेव्हा नवरा वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाला, "दोघांचीच? मग आईला कुठे बसवायचं?" मुलगी हैदराबादला असते. तिने फोनवर आधी हसून घेतले आणि मग एकदम गंभीर होऊन विचारले, "आई, तुझं आणि बाबांचं काही बिनसलंय का?" सासूबाई 83 वर्षांच्या आहेत. त्यांना मी मोबाइलवर गाडीचे चित्र दाखवले. त्यांनी चष्मा सरळ करून ते बराच वेळ पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "पुरुषांना म्हातारचळ लागतो ते ऐकलं होतं." तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना ही बातमी कशी कळली कोण जाणे, पण ते लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, "सध्या काय, रिटायरमेंटचे पैसे हातात आले की माणसाला असं काहीतरी सुचतंच. एफडी करा, एफडी." या चौघांपैकी एकानेही गाडी कशी आहे, हे विचारले नाही. प्रत्येकाच्या मनात तिच्याविषयीची माहिती आधीच तयार होती आणि ती सगळी माहिती माझ्याविषयीची होती.

अर्थात हे हिशेब रस्त्यावर आपण सगळेच करतो आणि पुण्यात तर जरा अधिकच चोख करतो. समोरून पांढरी फॉर्च्युनर येताना दिसली की आत नगरसेवक असेल, नाहीतर गुंठामंत्री तरी, हे आपण नंबरप्लेटवरचे ‘दादा’ वाचण्याआधीच ठरवलेले असते. काळी थार डावीकडून घुसली की आतला मुलगा पंचविशीचा आणि गाडी बापाच्या जिवावरची. उजव्या लेनमधून 35 च्या वेगाने निश्चिंत चाललेली वॅगन-आर म्हणजे माकडटोपी घातलेले आजोबा. चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो, त्यातही जीटी, म्हणजे आयटीमधला मुलगा, ज्याने पहिल्या बोनसमध्ये एक्झॉस्ट बदलून घेतला आहे. आणि कुठलीही गाडी वळणावर थोडी अडखळली की "बाई असणार" हे तर बायकासुद्धा म्हणतात. हे अंदाज पुष्कळदा बरोबर निघतात, म्हणून तर ते टिकून आहेत. खोटा ठरलेला अंदाज आपण पुढच्या सिग्नलपर्यंत विसरलेलो असतो, खरा ठरलेला मात्र घरी जाऊन सांगतो.

मी मग एक उद्योग सुरू केला. अशी दोन सीटांची, खाली बसलेली गाडी नेमक्या कुठल्या वयाच्या माणसाला शोभेल, हे भेटेल त्याला विचारू लागले. पंचविशीच्या मुलाने घेतली तर बापाचा पैसा डोक्यात गेला, असे उत्तर आले. पस्तिशीत घेतली तर घरात लहान मुले असताना ही थेरे कसली. पंचेचाळिशीत घेतली तर पोरांच्या कॉलेजच्या फिया भरायच्या तर याला काय सुचतेय बघा, किंवा दबक्या आवाजात, पैसा पांढरा आहे ना. साठीत घेतली तर बुद्धी नाठी. सत्तरीत घेतली तर मुले लक्ष देत नाहीत वाटते. म्हणजे जन्मापासून मरणापर्यंत असे एकही वर्ष सापडेना की ज्यात ही गाडी घेणारा माणूस लोकांना साधासुधा वाटेल. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषासाठी निदान एक तयार शिक्का तरी आहे. ‘मिडलाइफ क्रायसिस’ हे शब्द एलियट जॅक्स या मानसशास्त्रज्ञाने 1965 च्या एका निबंधात रूढ केले आणि तो निबंध लिहिला होता कलावंतांच्या आयुष्यांवर, तेही पस्तिशीच्या आसपासच्या टप्प्यावर. गाड्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे लोकांनी त्यात लाल गाडी आणून उभी केली, वय हवे तसे वाढवले आणि पुरुषांच्या नावावर तो खाते उघडल्यासारखा चढवून टाकला. बाईसाठी तेवढीही सोय नाही. तिने अशी गाडी घेतली तर ती मुलाची असते, नवऱ्याची असते, नाहीतर भांडणाची असते.

तरुणांविषयीचा संशय मात्र पुण्यात आता नुसता संशय उरलेला नाही, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला एका पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते मरण पावले. गाडी 17 वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. जामीन देताना बाल न्याय मंडळाने त्याला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता. त्या निबंधावर या शहराने जो संताप व्यक्त केला, त्यात मीही होते. त्यानंतर कित्येक महिने रस्त्यावर कुठलीही खाली बसलेली, महाग दिसणारी गाडी दिसली की माणसे आत कोण आहे ते वाकून पाहत. त्या नजरेत मत्सर नव्हता, हिशेब मागण्याची भाषा होती. मला ती नजर योग्य वाटते. वयाविषयीच्या सगळ्या ठोकताळ्यांना एकाच पंक्तीला बसवून ‘पूर्वग्रह’ म्हणून हिणवणे म्हणूनच मला जमत नाही. 17 वर्षांच्या मुलाला चावी न देण्यामागे कायदा आहे आणि त्या कायद्यामागे माणसांचे जीव आहेत. 57 वर्षांच्या बाईला ती देताना मात्र आड येतो तो फक्त एक चेहरा, आणि तो चेहरा अनेकदा अतिशय प्रेमळ असतो.

न्यू जर्सीला माझा मावसभाऊ राहतो. त्याला मी हे सगळे फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "इकडे उलटं आहे, ताई. इथे कॉर्व्हेट म्हणजे आजोबांची गाडी. पांढरे बूट, पांढरे केस आणि पिवळी कॉर्व्हेट. तरुण पोरं हसतात." मला गंमत वाटली, कारण कॉर्व्हेटचा, म्हणजे जनरल मोटर्सच्या शेव्हरोले या नावाखाली विकल्या जाणाऱ्या दोन सीटांच्या गाडीचा, इतिहास मला नोकरीमुळे थोडाफार माहीत होता. ती 1953 मध्ये आली, फायबरग्लासच्या बॉडीची, आणि पहिल्या वर्षी फक्त 300 बनल्या, सगळ्या पांढऱ्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्समध्ये नुकत्याच रुजू झालेल्या झोरा आर्कस-डंटोव्ह नावाच्या अभियंत्याने वरिष्ठांना एक टिपण लिहिले. विषय होता तरुण पिढी, घरच्या घरी गाड्यांची इंजिने फुगवणारी पोरे, आणि शेव्हरोलेने त्यांना आपल्याकडे कसे वळवावे. ते लिहिणारा स्वतः तेव्हा 44 वर्षांचा होत आला होता. पुढे याच माणसाने कॉर्व्हेटला खरी स्पोर्ट्स कार बनवले. इंजिन सीटांच्या मागे हवे असा हट्ट धरला, 1975 मध्ये निवृत्त झाला, 1996 मध्ये वारला, आणि त्याचा हट्ट कंपनीने पुरवला तो थेट 2020 च्या मॉडेलमध्ये. तरुणांसाठी म्हणून बांधलेली गाडी अशी त्या तरुणांबरोबरच म्हातारी झाली. यात नवल नाही, कारण वीस वर्षांच्या पोराला जी गाडी हवी असते ती घेण्याइतके पैसे त्याच्याकडे चाळीस वर्षांनी येतात. घराचा हप्ता फिटतो, मुलांची लग्ने होतात, फंडाचे पैसे मिळतात, आणि तोवर गुडघे गेलेले असतात. अमेरिकेतल्या मोटारधंद्यात एक जुने सांगणे आहे की तरुणाची गाडी म्हाताऱ्याला विकता येते, पण म्हाताऱ्याची गाडी तरुणाला विकता येत नाही. जनरल मोटर्सच्याच ओल्ड्समोबिल या जुन्या नाममुद्रेने 1988 मध्ये ‘ही तुमच्या वडिलांची ओल्ड्समोबिल नव्हे’ अशी जाहिरात करून पाहिली. पोरांना ती पटली नाही, वडीलही बहुधा दुखावले, आणि 2004 मध्ये ते नावच बंद पडले.

पण याच इतिहासात एक दुसरी गोष्ट दडलेली आहे आणि मला ती वयापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. फोर्डची थंडरबर्ड 1955 मध्ये आली ती दोन सीटांची. दिसायला देखणी, पण खप बेताचा. 1958 मध्ये कंपनीने तिला मागची सीट बसवली, तिचा तो सडपातळ बांधा घालवला, आणि खप भराभर वाढला. हा धडा फोर्डमधला अधिकारी ली आयाकोका विसरला नाही. फोर्डच्याच मस्टँगचा पहिला प्रायोगिक नमुना 1962 मध्ये दोन सीटांचाच होता, पण एप्रिल 1964 मध्ये जी मस्टँग बाजारात आली तिला मागे सीट होती, आणि पहिल्या वर्षभरात चार लाखांहून अधिक मस्टँग विकल्या गेल्या. त्या मागच्या सीटवर धडधाकट माणसाला पाय ठेवायला नीट जागा नसे. तरीही ती सीट असणे पुरेसे होते. गाडी घरच्यांसाठीही आहे, असे सांगायला तेवढा आधार मिळत होता.

तिकडे ही तऱ्हा, तर आपल्याकडे काय सांगावे. आपल्याकडे गाडीविषयीचा पहिला प्रश्न किमतीचा असतो, दुसरा अ‍ॅव्हरेजचा आणि तिसरा किती जण बसतात हा. माझ्या लहानपणी आमची पद्मिनी कागदोपत्री पाच जणांची होती. जोतिबाला जाताना तिच्यात आठ-नऊ माणसे, एक पाण्याची कळशी आणि पायाशी पोळ्यांचा डबा असे. बंगळुरूच्या सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फायबरग्लासच्या बॉडीची, रेनॉच्या छोट्या इंजिनाची सॅन स्टॉर्म काढली. टप उघडणारी, दोघांपुरती, परवडण्याच्या टप्प्यातली. कोणी घेतली? गाड्यांचे डिझायनर दिलीप छाब्रियांची अवंती 2012 च्या ऑटो एक्स्पोमध्ये आली तेव्हा तिच्याभोवती मुंगीला वाट मिळू नये अशी गर्दी होती, आणि तीही दोघांचीच असल्यामुळे फोटो काढून झाल्यावर गर्दी एसयूव्हीच्या मंडपाकडे वळली. टाटांनी 2017 मध्ये जिनिव्हाला दोन सीटांची रेसमो दाखवली, ती रस्त्यावर आलीच नाही. या प्रत्येक अपयशाला पैशाची आणि धंद्याची वेगवेगळी कारणे आहेत, ती मी नाकारत नाही. तरी मला वाटते की आपल्या मनात गाडी ही एका माणसाची वस्तूच नसते. ती घराची असते, नव्हे, आळीची असते. अपरात्री शेजारच्या बाईला कळा सुरू झाल्या तर, गावाहून पाहुणे स्टेशनवर उतरले तर, म्हातारीला दवाखान्यात न्यायचे झाले तर, गाडी हाकेला धावली पाहिजे. दोन सीटांची गाडी दारात उभी करणारा माणूस, त्याचे वय काही असो, या सगळ्या शक्यतांना आधीच नाही म्हणून बसलेला असतो. नवऱ्याने विचारलेला प्रश्न त्या मानाने फारच सरळ होता. आईला कुठे बसवायचे, हे त्याने उघड विचारले. बाकीच्यांनी तेच माझ्या वयाच्या आडून विचारले. ‘हे वयाला शोभत नाही’ असे म्हणणे सभ्य असते. ‘आमच्यासाठी जागा ठेवली नाहीस’ असे म्हणणे मागितल्यासारखे होते.

आणि बाईच्या बाबतीत ही जागा जरा जास्तच धरून चाललेली असते. मी नोकरीला लागले तेव्हापासून माझ्या गाडीत, आधी स्कूटरवर आणि मग मारुतीत, माझ्याशिवाय कोणी ना कोणी असेच. मुलीची शाळा, सासऱ्यांचे डायलिसिस, नणंदेचे बाळंतपण, भिशीच्या मैत्रिणी. मी एकटी गाडी चालवली ती फक्त कारखान्याच्या रस्त्यावर, नाशिक फाट्याच्या गर्दीत, मनात त्या दिवशीच्या मालाची यादी घोळवत. त्या वेळचे मला काही ओझे वाटले नाही, आणि ते वाटत होते असे आता म्हणणे खोटेपणाचे होईल. एवढेच की या निळ्या गाडीत बसल्यावर मागे वळून पाहण्याचे काही कारणच उरले नव्हते, कारण मागे काहीच नव्हते, आणि ते मला इतके बरे वाटले की थोडी भीतीच वाटली.

सरकारचे माझ्या वयाविषयी काय मत आहे, हे याच सुमारास लायसन्सच्या निमित्ताने कळले. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म वन-ए लागतो आणि पंचावन्न ओलांडले की लायसन्स पाचच वर्षांपुरते मिळते. मला हे मान्य आहे. किंबहुना ते अधिक कडक असावे, असे मला वाटते. ज्या दवाखान्यात मी फॉर्म घेऊन गेले तिथे डॉक्टरांनी माझे डोळे तपासले नाहीत की गुडघा वाकवून पाहिला नाही. "गाडी कोणती चालवता?" एवढेच विचारले आणि माझे उत्तर यायच्या आत शिक्का मारला. विम्याचे त्याहून निराळे. विलायतेत म्हणे विशीतल्या पोराला वेगवान गाडीचा विमा गाडीच्या किमतीच्या घरात जातो. आपल्याकडचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा गाडीच्या इंजिनावर ठरतो. 1500 सीसीच्या वर गेले की सगळ्यांना एकच दर, मग चालवणारा 19 चा असो की 79 चा. ज्याने हिशेबाने वय पाहायला हवे तो पाहत नाही, आणि ज्यांचा हिशेबाशी संबंध नाही ती सारी माणसे पाहतात. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमनने 1995 मध्ये, वयाच्या 70 व्या वर्षी, डेटोनाच्या 24 तासांच्या शर्यतीत आपल्या गटात विजय मिळवला, हे मी काकांना लिफ्टमध्ये सांगितले. ते म्हणाले, "त्याच्याकडे मेकॅनिक होते." हेही खरेच.

मी गाडी घेतली. खूप विचार करून घेतली असे सांगायला आवडले असते, पण निर्णय पहिल्या दिवशी इंजिनाचा सूर स्थिरावला तेव्हाच झाला होता. नंतरचे सारे त्याला कारणे शोधणे होते. एक कारण मात्र मला मनापासून आवडले. या पिढीच्या झेड-फोरचे बाह्यरूप युलियाने ब्लाझी आणि अंतर्भाग नादिया अर्नाउट या दोघींनी रेखाटला आहे. बॉनेटपासून मागच्या चाकापर्यंत जाणारी ती रेघ कोणा बाईच्या हातातून उतरली आहे हे कळल्यावर मी पुन्हा शोरूममध्ये गेले आणि त्या रेघेवरून बोट फिरवून पाहिले. सौदा करताना त्याच मुलाने कागद पुढे केले, दोन चाव्या आहेत ना ते मी विचारण्याआधी दाखवले, आणि म्हणाला, "काकू, उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर काढा, मग दाराच्या कडेला हात ठेवा. आईला मी तसंच शिकवलंय." ती युक्ती उत्तम आहे. मी रोज वापरते.

वॅगन-आर घरात ठेवली आहे, सासूबाईंसाठी आणि दवाखान्यासाठी. सासूबाई निळ्या गाडीत अजून बसलेल्या नाहीत. एकदा दारापर्यंत आल्या, आत वाकून पाहिले, म्हणाल्या, "हे म्हणजे जमिनीवर बसून जाण्यासारखं आहे, त्यापेक्षा मला रिक्षा बरी," आणि परत वर गेल्या. त्यांचा राग नव्हता, पण त्यांना न घेता निघताना दर वेळी मला एक बारीकशी टोचणी लागते, आणि कोथरूडचा उड्डाणपूल उतरेपर्यंत ती जाते, हेही तितकेच खरे. आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळचा गतिरोधक मला तिरका ओलांडावा लागतो, नाहीतर पोट घासते. वॉचमन आता मी दिसले की हात करून कोन सांगतो. एक्स्प्रेसवेवर सपाट भागात मर्यादा 100 ची आणि खाली 306 घोडे, त्यामुळे बहुतेक घोडे बसूनच असतात. सिग्नलला शेजारच्या दुचाकीवरची मुले गाडीकडे बघून हसतात, मग चालवणारीकडे बघून जरा गोंधळतात, आणि त्यांतला एखादा अंगठा वर करतो. तो कौतुकाचा असतो की "या वयात भारीच" असा असतो, हे ठरवायच्या आत हिरवा दिवा लागतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी एकदा लाजत लाजत विचारले, "सिंहगड रस्त्यापर्यंत सोडाल का?" बसले, पट्टा लावला, पाषाण येईपर्यंत गप्प होते, मग म्हणाले, "अ‍ॅव्हरेज किती देते?" आणि मी आकडा सांगितल्यावर उरलेला सारा रस्ता तो मनातल्या मनात पेट्रोलच्या भावाने गुणत बसले. पाषाणवरून सिंहगड रस्त्याला कोणी जात नाही. लांबचा रस्ता मी मुद्दाम घेतला होता आणि त्यांनी त्याविषयी अवाक्षर काढले नाही.

नवरा मात्र रविवारी बरोबर येतो. त्याची हरकत आता वयाची नाही, आईचीही नाही. डिकीची आहे. छप्पर बंद असेल तर तिच्यात 310 लिटर जागा असते. छप्पर उघडले की ते तिच्यातच घडी होऊन बसते आणि उरतात 180. म्हणजे मंडईतून परतताना दर खेपेला ठरवावे लागते की डोक्यावर आकाश घ्यायचे की पिशव्या. तो पिशव्यांच्या बाजूचा आहे. मेथी आणि पालक असेल तर मी मांडीवर घ्यायला तयार होत नाही, तो होतो, आणि मग छप्पर उघडते. मागच्या रविवारी त्याने फणस घेतला. अख्खा, अकरा किलोंचा, बहुधा मुद्दाम.